तीट : ऐच्छिक

चिकू झोपली की सगळं घर तिच्याकडे बघायचं आणि मी दिव्याकडे.

पाळण्याच्या वरच्या दांडीला लिंबाएवढं एक यंत्र बसवलं होतं. त्यात एकच दिवा. हिरवा म्हणजे श्वास चालू. लाल म्हणजे असेन तिथून धावायचं, हाताला कणीक असली तरी. यंत्राचं नाव 'राखण'. मिरजेच्या इस्पितळातून चिकूला घरी सोडताना डॉक्टर नसरीन मुजावर यांनी ते आमच्या हातात ठेवलं होतं.

चिकूचं खरं नाव चित्कला, तिच्या पणजीचं. दिवस भरायच्या बरंच आधी आली. कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि मी काचेबाहेर. अशा बाळांचा श्वास मधेच थांबतो. मेंदू अजून शिकाऊ असतो, श्वास घ्यायचं विसरतो. थोपटलं, पायाला टिचकी मारली की त्याला आठवतं. पण ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. पेटीत असताना तिच्या अंगाला वायरी होत्या, आणि चिकटपट्टी काढताना दर वेळी कातडी सोलून यायची. म्हणून घरी वायर नको, असं डॉक्टरांनीच ठरवलं.

राखण हात न लावता श्वास मोजते. हृदयाचा ठोका पडला की कातडीखाली रक्ताची बारीकशी लाट येते आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. श्वासाबरोबर त्या लाटेची चाल बदलते. कॅमेरा चाल बघतो आणि त्यावरून श्वास ओळखतो. कपाळाची कातडी पातळ, तिथे सगळ्यात चांगलं दिसतं. कपाळ झाकलेलं असेल तर यंत्र दुसरी उघडी जागा शोधतं.

हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. अशी यंत्रं कशी जुळवतात, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. तो अर्धवट आहे, अजूनही.

माझ्या सासूबाई जतहून आल्या त्या चिकू घरी आली त्याच दिवशी. मी त्यांना आत्या म्हणते. येताना काजळाची डबी, धुरीसाठी ओवा-बाळंतशोपा आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. पहिल्या अंघोळीनंतर चिकूला टोपडं बांधलं, कपाळाला मधोमध ठसठशीत तीट लावली आणि म्हणाल्या, "आता कशी मानसात आली."

मी तीट पुसली. आवाज शक्य तितका मऊ ठेवून सांगितलं, की आत्या, कॅमेरा कपाळ बघतो, तिथे काही नको. त्यांनी पाळण्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. "मग तोंडाला नको म्हन की. असू दे." वाद नाही, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीट तळपायाला लावली. त्यांच्याकडे तशीही लावतात. इवलासा गुलाबी पाय आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका. मला ते गोडच वाटलं. मी एक लढाई न भांडता जिंकले होते.

त्यानंतर काही दिवसांनी लाल दिवे सुरू झाले.

दिवसभर हिरवा असायचा. अंघोळ झाली, टोपडं बांधून चिकू गाढ झोपली, की थोड्या वेळाने लाल. मी धावायचे. नाकाखाली बोट धरायचे. चिकू गुलाबी, निवांत, ओठांची चोखणी चाललेली. एकदा तर मी समोर उभी असताना दिवा लाल झाला आणि तिची छाती वरखाली होत होती. मला वाटलं, सुटलो, यंत्रच बिघडलंय. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नोंदी उघडल्या. मग म्हणाल्या, कधी कधी छाती हलते पण हवा आत जात नाही, गळ्यात अडथळा असतो. बाहेरून बघून सांगता येत नाही. यंत्र बदलून दिलं. नवीन यंत्रही तसंच, अंघोळीनंतर लाल.

मग मी एकेक गोष्ट बंद करत गेले. आधी धुरी, कारण धुराने कॅमेरा बिघडत असेल. आत्यांनी शेगडी उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. मग तेल, कारण तेलाने कातडी चमकते. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट केलं. लाल दिवा तसाच. आता काय, म्हणून मी अंघोळीची वेळ बदलली, पाणी कोमट केलं, शेवटी अंघोळच मी घालायला लागले. आत्या दारात उभ्या राहून बघायच्या, टॉवेल पुढे करायच्या. त्यांच्याकडे उरलं काय, तर टोपड्याची नाडी बांधणं आणि तीट. त्या दोन गोष्टींना मी हात लावला नाही, मला वाटलं इतकं तरी असू दे त्यांना.

माझा नवरा सुजय पवनचक्क्यांच्या देखभालीवर असतो, आठवडा आठवडा डोंगरावर. त्याला आत्यांनी फोनवर सांगितलेलं माझ्या कानावर आलं. "माझ्या हातालाच काई तरी हाय म्हनून बाळाला सोसंना. मी जाते रे गावाकडं." मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. आत जाऊन काही म्हणावं असं वाटलं. तेवढ्यात दिवा लाल झाला.

त्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी नोंदींचा आलेख माझ्यापुढे सरकवला. "शर्वाणी, मी डोळेझाक करू शकत नाही. सोमवारपर्यंत असंच राहिलं तर दाखल करून घेऊ. वायरी लावून नीट बघू, औषध सुरू करू." त्यांचा हात माझ्या हातावर होता. मला मात्र फक्त चिकटपट्टी दिसत होती.

घरी येऊन मी माझा जुना लॅपटॉप उघडला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, आणि त्यासाठी मिसळ बरी. मिसळीच्या हॉटेलात पदार्थ एकच, पण प्रत्येकाची प्लेट वेगळी. उसळ सगळ्यांना असतेच, ती अनिवार्य. दही ऐच्छिक. पाव किंवा ब्रेड, दोन्हींतलं एकच. आणि काही अटी असतात. जैन म्हटली की कांदा-बटाटा गेला आणि कच्चं केळं आपोआप आलं. हे सगळं एका झाडासारखं काढता येतं. वर मिसळ, खाली फांद्या, पानं. अनिवार्य पानावर भरीव काळा ठिपका, ऐच्छिक पानावर पोकळ गोल. आज यंत्रांची प्रणाली अशाच झाडावरून जुळवतात. पूर्वी सगळ्या बाळांना एकच यंत्र असायचं. आता इस्पितळाच्या खिडकीवर चार प्रश्न विचारतात आणि तुमच्या बाळापुरती राखण काही मिनिटांत तयार होते. घर उष्ण प्रदेशात? पाय उघडे असणार, मग तळपाय-वाचन घ्या. बाळ फार पाय झाडतं? मग आणखी एक पान घ्या. नुसती तीस ऐच्छिक पानं असली तरी शंभर कोटींहून जास्त जोडण्या होतात. तेवढ्या कुणीच तपासून बघितलेल्या नसतात. प्रत्येक पान एकेकटं शहाणं असतं. दोन पानं शेजारी आली की काय होईल, ते कधी कधी पहिल्यांदा एखाद्या घरातच कळतं.

म्हणून जगभरच्या संशोधकांनी ही झाडं इंटरनेटवर एका सामाईक जागी ठेवायला सुरुवात केली. तिला रुक्ष असं इंग्रजी नाव आहे, मी देवराई म्हणते. मालक कुणी नाही, लावायला सगळ्यांना मोकळीक, तोडायला कुणालाच नाही. कुणीही आपल्या भाषेत लिहावं, वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत दिसतं. चिकूची राखण देवराईतल्याच पानांची जुळवलेली होती. तिचं पूर्ण झाड आणि तिच्या नोंदी तिथे टाकल्या तर कुणीतरी खोट शोधून देईल, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि मी ते करत नव्हते. त्या नोंदी म्हणजे माझ्या मुलीचा श्वास होता, ठोका न् ठोका. तिची झोप, तिचं दचकणं. एकदा देवराईत गेलं की परत काढता येत नाही. मी तर तिचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवरसुद्धा टाकला नव्हता. तिला काचेतून इतक्या अनोळखी माणसांनी बघितलं होतं, की आता पुरे, असं मला झालं होतं.

मग मी मधला मार्ग काढला. नावं पुसली. कंपन्या असंच करतात. झाड देतात, पण पानांच्या नावांऐवजी फ-१, फ-२ असं लिहितात. आकार राहतो, अर्थ जातो. विद्यार्थी असताना मी यावर भरपूर चिडचिड केली होती. आता मीच चिकूच्या झाडावरचं एकेक नाव खोडून आकडा लिहिला आणि नोंदींसकट टाकून दिलं.

उत्तर फिनलंडहून आलं, हिल्का नावाच्या बाईंचं. त्यांचे लेख मी वाचले होते. पाय झाडणाऱ्या बाळांसाठीचं ते पान त्यांच्याच गटाचं. भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्यांना फार अदबशीर मराठी बोलायला लावलं होतं.

"आदरणीय सहकारी, आपल्या झाडाचा आकार सुरेख आहे. परंतु फ-४१ म्हणजे काय हे मला ज्ञात नसेल तर मी आजारी झाडाला कोठे स्पर्श करू? नावे कृपया द्यावीत. आणि शक्य असल्यास, ते यंत्र जेथे राहते त्या जागेचे एक छायाचित्र. बहुधा दोष झाडात नसतो, घरात असतो."

मी ते वाचून लॅपटॉप मिटला. आत्या शेजारी बसून चिकूची झबली घड्या घालत होत्या. काय म्हणाली ती बाई, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. फोटो मागतेय, पाळण्याचा, म्हणजे चिकूचाच झाला. सगळ्या जगातले लोक बघणार. बोलता बोलता माझा आवाज फुटला. आत्यांनी हातातलं झबलं बाजूला ठेवलं.

"दवाखान्यात न्हेतील म्हनून रडायलीस, का फोटोसाठी?"

मी पदराने डोळे पुसले.

"मग दे की फोटो. बघू देत. बघितल्याबिगर कुनाला काय कळतंय." त्या उठल्या. "पर अशी नको. जगाला दाखवायची तर नीट दाखवू."

त्यांनी चिकूचं टोपडं सारखं केलं. काजळाची डबी आणली, करंगळी पुरती बुडवली आणि तळपायाला अशी तीट लावली, की इतकी मोठी मी कधीच बघितली नव्हती. रोजच्या दुप्पट, गरगरीत, काठोकाठ भरलेली. एवढ्या डोळ्यांना एवढी पाहिजेच, असं त्यांचं गणित. मी हसले आणि फोटो काढला. पाळणा, यंत्र, टोपड्यातून दिसणारं नाक आणि कॅमेऱ्याकडे ताणलेला एक पाय. पानांची नावं परत लिहिली. सगळं देवराईत टाकलं.

हिल्काबाईंचं उत्तर संध्याकाळच्या चहाला आलं. एकच ओळ.

"आदरणीय आई, आपण बाळाच्या तळपायावर 'अनिवार्य' असे का लिहिले आहे?"

मला आधी काहीच कळेना. फोटो उघडून बघितला. भरीव काळा ठिपका. त्या बाईंनी आयुष्यभर तो ठिपका फक्त झाडांच्या आकृत्यांत बघितला होता. मी तर दोन्हीकडे बघत आलेली. झाडावर अनिवार्य आणि बाळावर तीट. बाळावरचा इतका ओळखीचा, की डोळ्यांपुढे असून मी त्याला कधी गोष्टींत मोजलंच नव्हतं. धूर मोजला, तेल मोजलं, पाण्याची ऊब मोजली. तीट म्हणजे चिकूचाच भाग असल्यासारखी.

आणि मग सगळं एका ओळीत आलं. अंघोळीनंतरचं टोपडं कपाळावर उतरतं, म्हणून यंत्र तळपायाकडे जातं. टोपडं काढलं की पुन्हा कपाळ, म्हणून बाकी दिवस हिरवा. काही दिवसांनी अंगात जोर आला तशी चिकू झोपेतही पाय झाडायला लागली, म्हणून हिल्काबाईंचं 'खूण धरणे' हे पान कामाला लागतं. पायावरची सगळ्यात ठळक खूण पकडायची आणि तिथेच नजर ठेवायची. तीळ, जन्मखूण, काहीही. त्याने पकडली तीट. रक्ताची लाट आली काय, गेली काय, काजळाचा रंग कशाला बदलतोय. यंत्र त्या काळ्या ठिपक्याकडे टक लावून बसायचं आणि म्हणायचं, श्वास नाही.

मी आत्यांना हाक मारली. चिकू झोपलेलीच होती आणि दिवा लाल होता. ओल्या कापडाने मी तळपाय पुसला. आम्ही दोघी दिव्याकडे बघत उभ्या राहिलो. हिरवा झाला.

आत्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या करंगळीकडे बघितलं, तिच्यावर काजळ अजून होतं. काय चाललंय त्यांच्या मनात ते मला दिसलं, आणि या वेळी मी दारात थांबले नाही. त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्या, तुम्ही मोठी लावली म्हणून फोटोत दिसली. रोजच्यासारखी लावली असती तर सोमवारी आपण दवाखान्यात असतो."

त्या म्हणाल्या, "म्हंजे लागू पडली म्हन की."

मग त्यांनीच करंगळी पुढे करून हळूच परत ठिपका लावला. दिवा लाल. पुसला, हिरवा. पुन्हा लावला. चिकू जागी होऊन आमच्याकडे बघायला लागली तेव्हा आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या हसत होतो.

डॉक्टर मुजावरांनी सोमवारी हाच खेळ आपल्या टेबलावर करून बघितला, सोबत थोडा वेळ वायर लावून खात्रीही केली. वायरीने सांगितलं, श्वास व्यवस्थित आहे. त्यांनी दाखल करायचा कागद फाडला आणि चिकूचा तळपाय बोटाने पुसत म्हणाल्या, आमच्याकडेही लावतात, माझ्या दोन्ही मुलांना होती. मलाही सुचलं नाही.

देवराईत आता नवीन पान लावायचं होतं. त्याच्या नावावरून चर्चा झाली. हिल्काबाई म्हणाल्या, 'कृत्रिम खूण' असं सर्वसाधारण नाव द्यावं. मी लिहिलं, की ती कृत्रिम नाही आणि नुसती खूणही नाही, तिचं नाव पुसलं तर पुढची बाई पुन्हा तेल आणि धूर बंद करत बसेल. पान शेवटी 'तीट' याच नावाने लागलं. भाषांतर करणारं यंत्र तो शब्द कुठल्याच भाषेत बदलत नाही, तसाच ठेवतं. अट लिहिली. तीट असेल तर ती जागा वाचू नये, दुसरी शोधावी.

निघायच्या आदल्या दिवशी आत्यांनी ती आकृती बघायला मागितली. मी झाड दाखवलं. त्यांनी बोट ठेवत विचारलं, की या पानांना तीट लावलीय, त्या पानांना का नाही. मी सांगितलं, भरीव म्हणजे पाहिजेच, पोकळ म्हणजे ज्याच्या त्याच्या मनावर. मग त्यांना त्यांचं पान सापडलं. त्याचा गोल पोकळ होता.

"आगं, तिटंलाच तीट न्हाई व्हय," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जतला गेल्या. काजळाची डबी कपाटात ठेवून.

पुढे महिना-दीड महिन्याने चिकूच्या राखणीत ते नवीन पान आलं. सकाळी अंघोळीनंतर फोनवर प्रश्न उमटला. 'तीट आहे का? कुठे?' खाली पर्याय होते. कपाळ, गाल, तळपाय, कानामागे. मी 'नाही' दाबायला गेले. आत्या गेल्यापासून तीट लावायची माझ्या लक्षातच राहत नव्हती. पण यंत्राने विचारलं, आणि कुणीतरी घरातल्या माणसाने विचारावं तसं मला ते वाटलं. कोण जाणे, त्याच वेळी बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये, आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये कुणाच्या तरी आजीला ते हेच विचारत असेल.

मी डबी काढली. करंगळी बुडवली. कानामागे लावायची ठरवून वाकले, तर चिकूने माझं बोट मुठीत पकडलं आणि सगळी ताकद लावून ढकललं. काजळ माझ्याच हनुवटीला.

तेवढ्यात आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. चिकूला बघायचं सोडून त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुला कुनी लावली?"

"चिकूनं." मी पदर तोंडाकडे नेला.

"पुसू नको. पोरीला राखन हाय," त्या म्हणाल्या. "तुला कोन हाय?"

मी पदर खाली केला. फोनच्या कोपऱ्यातल्या यंत्राच्या प्रश्नाकडे बघितलं. तो अजून थांबला होता. कपाळ, गाल, तळपाय, कानामागे. आईच्या हनुवटीला, असा पर्याय त्यात नव्हता.

चिकू झोपली. मी दिव्याकडे न बघता लॅपटॉप उघडला आणि देवराईत शिरले. तिटेच्या पानाखाली आणखी एक छोटं पान मावण्याइतकी जागा होती. नाव लिहिलं, 'आईची तीट', आणि त्याचा गोल भरीव केला.